प्रोजेक्ट सातव्या सेमला सुरू होतो?

“आत्तापासून कशाला डोक्याला ताप? प्रोजेक्ट सातव्या सेमला असतो.” इंजिनिअरिंगच्या फायनल इयरवाल्याने ज्युनिअरला द्यायचा हा जणू ठरलेला सल्ला. उलव्याहून बेलापूर, नेरुळ, खारघर, पनवेलच्या कॉलेजांना जाणाऱ्या मुलांच्या गप्पांत तो इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे दिला जातो, की ऐकणारा सुटकेचा निःश्वास टाकून मोबाइलमध्ये डोकं घालतो.

कागदावर तो खोटाही नाही. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या ‘सी स्कीम’मध्ये मेजर प्रोजेक्टचे दोन भाग सातव्या आणि आठव्या सेमलाच आहेत. पण त्याच कागदावर तिसऱ्या ते सहाव्या सेमपर्यंत दर सेमला एक मिनी प्रोजेक्ट आहे. तो कशासाठी ठेवला असेल, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. वेळापत्रकात तास कधी पडतात आणि काम कधी सुरू व्हायला हवं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उदाहरण घराजवळचंच घेऊ. सिव्हिलच्या एखाद्या गटाने ‘उलव्यात पावसाचं पाणी कुठे आणि का साचतं’ असा विषय घेतला. खाडीकाठच्या सखल भागात निचरा जितका पावसावर, तितकाच भरतीवर अवलंबून असतो. खाडी चढलेली असताना नाल्यातलं पाणी जाणार कुठे? म्हणजे मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकत्र येतील असे दिवस हवेत. उधाण अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, महिन्यातून दोनदाच. त्यात हवामान खात्याच्या सरासरी तारखांनुसार मुंबईत मान्सून ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो.

आता कॉलेजचं कॅलेंडर शेजारी ठेवा. सातवं सेम जुलैच्या आसपास उघडतं. गट जमवा, गाईड मिळवा, सिनॉप्सिस लिहा, ती परत आली की पुन्हा लिहा. यात सप्टेंबर उजाडला, तर हाताशी उरतात फार तर दोन-तीन उधाणं, आणि त्या दिवशी पाऊस पडेलच याची हमी कुणाकडे नाही. आठवं सेम जानेवारीनंतरचं, म्हणजे कोरडं ठणठणीत. मग ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालात, दुसऱ्याच शहरावरच्या पेपरातले आकडे येतात आणि व्हायवाला एक्सटर्नल विचारतो, “हे रीडिंग कुठलं?” तेव्हा गटातले चौघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ज्या सीनियरने ‘सातव्या सेमला बघू’ म्हटलं होतं, तो तोवर नोकरीला लागलेला असतो!

पाऊस निदान पुढच्या वर्षी पुन्हा येतो. काही गोष्टी येत नाहीत. उलव्याला खेटून असलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. विमानांमुळे वस्तीतला आवाज किती वाढला, हा शेवटच्या वर्षासाठी नेमका आणि आटोपशीर विषय. पण त्यासाठी ‘आधी’चा आवाज मोजलेला हवा. ज्यांनी तो डिसेंबरपूर्वी मोजून ठेवला नाही, त्यांना स्वतःची नोंद आता कितीही धावपळ केली तरी मिळणार नाही.

मोजणं म्हणजे मोबाइलवर ॲप उघडून आकडा टिपणं, हाही एक गैरसमज. प्रमाणित केलेला ध्वनिमापक कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मागून घ्यावा लागतो. जागा तीच, तास तोच. वहीत आकड्यासमोर वार, वेळ, वारा, शेजारी चालू असलेलं बांधकाम, मध्येच वाजून गेलेला रिक्षाचा हॉर्न, हे सगळं आलं पाहिजे. तुलना कशाशी करायची, तेही आधी वाचावं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; विमानतळ परिसरासाठी मात्र २०१८ मध्ये वेगळी मानकं आली. चुकीच्या रकान्याशी तुलना केली, तर अचूक रीडिंगही वाया जातात.

सगळ्याच विषयांची गत अशी नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. या बदलाचा ‘आधी’ आजही घरबसल्या मिळतो. लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं २००८ पासून सर्वांना मोफत आहेत. सेंटिनेल-२ ची, १० मीटरपर्यंत बारकावा दाखवणारी चित्रं २०१५ पासूनची आहेत. म्हणून ज्युनिअरला पहिला प्रश्न ‘टॉपिक काय?’ असा विचारू नये. ‘तुझी माहिती तुझ्यासाठी थांबणार आहे का?’ असा विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर चौथं सेमही लवकर नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘टॉपिक भारी हवा.’ शीर्षकात एआय आणि ब्लॉकचेन दोन्ही घातल्याने काम भारी होत नाही. उत्तर देता येईल असा प्रश्न हवा.

‘लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळतं.’ सुटे भाग मिळतात. सर्किट तसंच का जोडलं, याचं उत्तर मिळत नाही.

‘दहा टक्के कॉपी चालते.’ यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, इतकंच. ती चोरीची परवानगी नव्हे.

‘संदर्भ चॅटजीपीटी देतो.’ देतो, कधीकधी अस्तित्वात नसलेलेही. २०२३ मध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात असे बनावट निवाडे सादर केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला.

‘सरकारी आकडे मिळतच नाहीत.’ माहिती अधिकारात अर्ज दहा रुपयांचा आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. अर्ज सबमिशनच्या आदल्या आठवड्यात टाकला, तर दोष कायद्याचा नाही.

‘सीनियरचं ब्लॅक बुक मिळालं की झालं.’ ज्युनिअरला खरा उपयोग असतो तो कच्च्या नोंदींचा: जागा, तारखा, फसलेली रीडिंगसुद्धा. अशा नोंदी आजही सुरू करता येतात. नवी मुंबई विमानतळ सध्या एकाच धावपट्टीवर चालतो. आराखड्यात दुसरी समांतर धावपट्टी आहे. तिचा ‘आधी’ अजून मोजता येतो, आणि ते काम आज सेकंड इयरला असलेल्या गटाच्या आवाक्यातलं आहे.