उकिडवं बसून पाहिलेला जपान

खरं सांगा, ‘जपान’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बुलेट ट्रेन, अ‍ॅनिमे, साकुराचा गुलाबी बहर, सुशी. माझ्याही डोळ्यांसमोर हेच होतं. मागच्या जुलैमध्ये जपानी भाषेच्या क्लासमधून आम्ही दहा दिवसांसाठी क्योतोला गेलो, तेव्हा मोबाइलमध्ये काढायच्या फोटोंची यादी तयार होती. पण त्या दहा दिवसांतला माझ्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलेला दिवस त्या यादीत नव्हताच. तो दिवस मी बराचसा जमिनीपासून दीड फूट उंचीवर काढला. उकिडवं बसून. तर चला, आज तुम्हालाही तिथेच बसवते.

खुरपणीला भाषा लागत नाही

क्योतो स्टेशनवरून सतरा नंबरची बस पकडायची आणि उत्तरेकडे साधारण तासभर जायचं. शहर संपतं, रस्ता डोंगरात शिरतो आणि मग चारी बाजूंनी डोंगर असलेलं एक खोरं लागतं. ते ओहारा. भातखाचरं, कौलारू घरं आणि मधूनच जांभळ्या रंगाचे पट्टे. तो रंग फुलांचा नसतो, पानांचा असतो. ‘शिसो’ नावाची ही वनस्पती आपल्या तुळशीच्याच कुळातली. तिची लाल-जांभळी जात ही ओहाराची ओळख आहे.

ओहाराची दुसरी ओळख म्हणजे तिथल्या बायका. पूर्वी इथल्या बायका डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेऊन क्योतोच्या बाजारात विकायला जायच्या. त्यांना ‘ओहारामे’ म्हणत. त्यांचा वेश, त्यांच्या डोक्यावरची मोळी जुन्या चित्रांतून दिसते. आम्ही बसने तासभर गेलो आणि दमलो. त्या चालत जायच्या, ओझं घेऊन.

आम्ही ज्यांच्या शेतावर गेलो त्या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. आम्ही त्यांना ‘ओबाआसान’, म्हणजे आजीच म्हणत होतो. त्यांनी आम्हाला सुती हातमोजे दिले, एक छोटं विळ्यासारखं हत्यार दिलं आणि वांग्याच्या ओळीत बसवलं. काम काय? गवत काढायचं. बस्स. मी जपानीतून काहीतरी छानसं वाक्य जुळवत होते, तोवर आजींनी माझा हात धरून दाखवलं की गवत वरून तोडायचं नाही, मुळाशी धरून हलवायचं आणि मग ओढायचं. आपल्याकडे खुरपणी करणाऱ्या बाया हेच करतात. शब्द एकही लागला नाही.

शेताभोवती तारांचं कुंपण होतं. हरणं, रानडुकरं आणि माकडं पिकावर येतात म्हणून. हेही अगदी ओळखीचं, नाही का?

दीड तासाने पाय भरून आले, तेव्हा आजींनी बांधावर बसवून थंडगार सातूचा चहा दिला आणि विचारलं, “तुझ्या घरी शेती आहे?”

“हो!” मी लगेच म्हणाले. पुरंदर तालुक्यात आमची शेती आहे. सीताफळ आहे, थोडा भाजीपाला आहे. हे सांगताना मला जरा बरंच वाटत होतं.

“मग वांगी कधी लावता तुम्ही?”

मी गप्प. क्लासमध्ये अगदी सुरुवातीला शिकलेलं वाक्य कामी आलं. “वाकारिमासेन.” माहीत नाही.

आजी हसल्या, अजिबात खवचटपणे नाही. “बाबा बघतात, असंच ना?” मी मान डोलावली. त्यांनी शेताच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथला एक तुकडा पडीक होता, गवत कमरेएवढं. शेजाऱ्यांचा होता तो. ते गेले आणि मुलं ओसाकाला. “त्यांचंही बाबाच बघायचे,” एवढंच म्हणून त्या उठल्या.

हा किस्सा एका गावापुरता नाही. जपानमध्ये शेती हाच मुख्य व्यवसाय असलेल्या माणसांचं सरासरी वय आता ६७च्या पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे ज्या वयाची माणसं निवृत्त होऊन सकाळी बागेत फिरायला जातात, त्या वयाची माणसं तिथे देशाचं पोट सांभाळताहेत. आणि तेही अर्धंमुर्धंच. उष्मांकाच्या हिशोबाने जपान आपल्या गरजेच्या सुमारे ३८ टक्केच अन्न स्वतः पिकवतो, बाकीचं बाहेरून येतं. सुपरमार्केटमध्ये रत्नासारखी मांडलेली फळं पाहताना हे ध्यानातही येत नाही.

सालं कुठे टाकलीस?

शेतातून काढलेल्या भाज्या घेऊन आम्ही आजींच्या स्वयंपाकघरात गेलो. आता सूत्रं त्यांच्या सुनेच्या हातात. आमच्यात शाकाहारी बरेच, म्हणून बेत ठरला होता ‘शोजिन र्योरी’चा. बौद्ध मठांमधला हा स्वयंपाक. मांस, मासे, अंडी नाहीत आणि कांदा, लसूण, पातीचा कांदा हेही वर्ज्य. शेतात कांद्याची पात डोलत होती, पण ती आत आली नाही. घरी आई चातुर्मासात कांदा-लसूण बंद करते तेव्हा मी कुरकुर करते. इथे मात्र मी मोठ्या कौतुकाने वहीत टिपून घेत होते. आपली गंमत असते बघा.

एक उपयोगाची गोष्ट सांगते. जपानमध्ये भाज्यांचा पदार्थ दिसला म्हणून तो शाकाहारी असेलच असं नाही. साध्या मिसो सूपमध्येसुद्धा बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. त्याला ‘दाशी’ म्हणतात. शोजिनमध्ये ही दाशी कोम्बु नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि वाळवलेल्या शिइताके अळंबीची करतात. रात्रभर पाण्यात भिजवलं की चव पाण्यात उतरते.

मला काम मिळालं तीळ वाटायचं. ‘सुरिबाची’ म्हणजे आतून खाचा असलेलं मातीचं खोलगट भांडं आणि सोबत लाकडी बत्ता. तीळ तेल सुटेपर्यंत वाटायचे, त्यात कुझु नावाच्या वेलीच्या मुळाचं सत्त्व आणि पाणी घालायचं आणि मंद आचेवर हलवत राहायचं. थांबायचं नाही, थांबलात की गुठळी. थंड झालं की वड्या. हे ‘गोमादोफु’. नावात तोफू असलं तरी त्यात सोयाबीन नसतं. दिसतं आणि हलतं थेट आपल्या खरवसासारखं, पण गोड नाही.

दुसऱ्या बाजूला गाजर आणि मुळा सोलून झाला होता. मी शहाणपणाने सालं गोळा केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. सुनेने वळून पाहिलं. “सालं कुठे टाकलीस?” नशीब, डब्यात नवी पिशवी होती. सालं परत काढून धुतली, बारीक चिरली आणि तिळाच्या तेलावर सोया सॉस घालून परतली. ‘किनपिरा’ तयार. दाशी काढून झालेला कोम्बु आणि अळंबी? तीही चिरून, सोया सॉसमध्ये आटवून भाताबरोबर. शेवटी कचरा म्हणून उरला तो जेमतेम मूठभर.

हे नुसतं काटकसरीचं घर म्हणून नव्हतं. या सवयीच्या मागे आठशे वर्षांचा विचार आहे. दोगेन नावाचा तरुण भिक्षू १२२३मध्ये धर्म शिकायला चीनला गेला. जहाज बंदरात असताना एक म्हातारा भिक्षू अळंबी विकत घ्यायला आला. तो एका मठाचा आचारी होता आणि लांबून चालत आला होता. दोगेनने त्याला विचारलं, या वयात ध्यान-अभ्यास सोडून स्वयंपाक कसला करता? म्हातारा हसला. साधना म्हणजे काय हे तुला अजून कळलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलला आणि अंधार पडायच्या आत परत निघाला, कारण उद्याचा स्वयंपाक होता. दोगेन ते विसरला नाही. जपानमध्ये परतल्यावर १२३७मध्ये त्याने मठाच्या आचाऱ्यासाठी एक आख्खा ग्रंथच लिहिला, ‘तेन्झो क्योकुन’. तांदूळ स्वतः धुवा, एक दाणा वाया जाऊ देऊ नका, भाजी साधी आहे म्हणून मन लावण्यात कसूर करू नका, असं त्यात सांगितलंय. विचार करा, तत्त्वज्ञानाचा एवढा मोठा माणूस आणि लिहितोय काय, तर तांदूळ कसे धुवायचे.

जेवणात ओहाराचं लोणचंही होतं, ‘शिबाझुके’. वांगी, लाल शिसो, मीठ आणि वर दगडाचं वजन. आंबून जो आंबटपणा येतो तोच, व्हिनेगर नाही. तिथली आख्यायिका अशी की ११८५च्या युद्धात तायरा घराणं बुडालं, त्या घराण्यातली केनरेइमोनइन ही राजमाता ओहाराच्या मठात येऊन राहिली आणि गावकऱ्यांनी तिला हे लोणचं नेऊन दिलं. नाव तिनेच ठेवलं म्हणतात.

जेवणाआधी ‘इतादाकिमासु’ म्हणतात, हे अ‍ॅनिमे पाहणाऱ्यांना सांगायला नको. जेवणानंतर म्हणतात ‘गोचिसोसामा’. त्यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ धावपळ करणं. तुमच्या ताटासाठी ज्याने धावपळ केली, त्याचे आभार. त्या दिवशी पहिल्यांदाच तो शब्द मला पुरता उमगला, कारण थोडीशी धावपळ मीही केली होती.

शेवाळातली खुरपणी

दुपारी सान्झेन-इन मंदिरात गेलो. पावसाळा सरत आलेला, त्यामुळे शेवाळ ऐन भरात होतं. उंच सीडर वृक्ष आणि खाली नजर जाईल तिथवर हिरवं शेवाळ. त्यातून दगडाच्या छोट्या ‘जिझो’ मूर्ती डोकं वर काढून हसताहेत. मध्ये एक लहानसं लाकडी देवालय आहे. आत अमिदा, म्हणजे आपल्याला माहीत असलेला अमिताभ बुद्ध, आणि बाजूला दोन बोधिसत्त्व. मूर्ती ११४८च्या. गंमत म्हणजे ते दोघं आरामात मांडी घालून बसलेले नाहीत. गुडघे टेकून किंचित पुढे झुकलेत, हाक येताच उठता यावं असे.

तुमच्यासारखीच मीही मोबाइल काढला. फ्रेम लावली, आणि फ्रेममध्ये एक बाई आली. टोपी, हातमोजे, उकिडवी बसलेली. मला राग आला, फोटो बिघडला म्हणून. मग नीट पाहिलं तर ती गवत काढत होती. शेवाळाला खरी मुळं नसतात, ते नुसतं मातीला बिलगून असतं. त्यामुळे गवत जोरात ओढलं तर शेवाळाचा तुकडाच सोबत येतो. म्हणून ती एका हाताने शेवाळ दाबून धरत होती आणि दुसऱ्या हाताने एक एक काडी अलगद सोडवत होती. सकाळी आजींनी मला शिकवलं, त्याहून कितीतरी नाजूकपणे.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या बागांच्या ‘शांतते’बद्दल आपण केवढं ऐकतो. ती शांतता आपोआप उगवत नाही. रोज कुणीतरी वाकून पानं झाडतं, गवत काढतं. र्योआन-जीच्या जगप्रसिद्ध बागेत तर झाड जवळजवळ नाहीच. पांढरी वाळू आणि पंधरा दगड, तेही असे मांडलेले की ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड लपतोच. पण त्या वाळूवरच्या रेघासुद्धा कुणीतरी दाताळ्याने ओढाव्या लागतात. शेत, स्वयंपाकघर आणि मंदिर ही मी तीन वेगळी ठिकाणं समजून गेले होते. काम तिन्हीकडे एकच होतं. आणि ते काम करणारे हात तिन्हीकडे फार थोडे, बहुतेक वयस्कर.

तुम्हाला क्योतोला जाता आलं तर रविवारी सकाळी लवकर ओहाराला जा, शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आणि सध्या जाता येत नसेल तर पुण्यात सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान आहेच. ते ओकायामाच्या ‘कोराकुएन’ या बागेवरून बेतलेलं आहे. १७००मध्ये पूर्ण झालेल्या त्या मूळ बागेत आजही भाताचं खाचर आहे आणि चहाचा मळाही. बागेत शेत असणं त्यांना विचित्र वाटत नाही. पुढच्या वेळी गेलात तर पुलावर फोटो काढाच, पण खाली वाकून गवत काढणाऱ्या मावशींकडेही जरा बघा.

त्या दिवसाची शेवटची गोष्ट राहिली. परतीच्या बसची वाट बघत स्टॉपवर उभी होते. आपल्याकडे दुपार असणार, बाबा जेवून पडले असणार. तरीही फोन लावला.

“बाबा, आपण वांगी कधी लावतो?”

पलीकडे क्षणभर शांतता. “का गं? काय झालं?”

“काही नाही. सांगा ना.”

“लावली की,” बाबा म्हणाले. “तू जायच्या आदल्या दिवशीच लावली. तू घरातच होतीस, बॅग भरत.”