लहानांचे सीमोल्लंघन

जबलपूरहून डिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम लागते. या गोंडबहुल परिसरात कोदो आणि कुटकी ही भरडधान्ये पिकतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले आणि अशा धान्यांसाठी परदेशी बाजारपेठेची चर्चा सुरू झाली. परंतु एक-दोन एकरांचा शेतकरी सातासमुद्रापार पोहोचणार कसा? या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ त्याच नावाच्या दुसऱ्या गावी, नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीच्या परिसरात शोधता येईल.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये एकत्र येऊन ‘महाग्रेप्स’ची स्थापना केली. एकट्या लहान बागायतदाराला जहाजाचा कंटेनर भरणे अशक्यप्राय होते; अनेकांनी मिळून ते साधले. द्राक्ष हे अतिशय नाशवंत फळ. म्हणून काढणीनंतर काही तासांतच पूर्वशीतकरण, त्यानंतर शीतगृह आणि पेटीत गंधकाचा वायू मंदपणे सोडणारा कागद, अशी साखळी उभी राहिली. वरकरणी साध्या भासणाऱ्या या तंत्रांमुळेच अनेक आठवड्यांचा सागरी प्रवास सुकर झाला.

संघटितपणाला जबाबदारीचीही बाजू असते. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळले. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आपल्याकडील चाचण्यांच्या यादीत मात्र या रसायनाचा समावेशच नव्हता. माल बंदरांत अडकला, भाव कोसळले आणि ज्यांच्या बागा निर्दोष होत्या, त्यांनाही झळ बसली. परदेशी ग्राहक बागायतदाराला नावाने ओळखत नाही. तो पेटीवरील देशाचे नाव वाचतो. एकाची चूक सर्वांच्या खाती जमा होते, ती अशी.

या संकटातून चाचण्या अधिक काटेकोर झाल्या. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीमुळे पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. त्या वर्षी स्वतः फटका सोसलेल्या श्री. विलास शिंदे यांनी सहकारी शेतकऱ्यांसह दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांच्या मालकीची उत्पादक कंपनी नावारूपाला आणली. २०२२ मध्ये या समूहात युरोपीय गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले.

कुंडमसाठी यातील बोध स्पष्ट आहे. कोदोचे टरफल कठीण, त्यामुळे सामाईक प्रक्रिया केंद्र हवे. त्याहून महत्त्वाची सुरक्षितता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बांधवगडमध्ये १० हत्ती दगावले. बुरशीबाधित कोदोतील विष हे त्याचे कारण असल्याचे तपासणीत दिसून आले. योग्य वाळवण, कोरडी साठवण आणि नियमित चाचणी यांवाचून निर्यातीचा विचारही करू नये.

मालवाहणीपूर्व कर्ज, पतपत्र, ईसीजीसीचे विमासंरक्षण ही साधने उपलब्ध आहेतच. परंतु बँक पत पुरवू शकते. ती निर्माण करावी लागते शेतातच आणि टिकवावी लागते सर्वांनी मिळून. ग्राहकमित्रहो, सीमोल्लंघनाचा पहिला मुहूर्त बंदरावर नव्हे, तर शेजाऱ्याच्या बांधावर असतो.