आगरातली विहीर आणि हिवताप

मुरुडच्या आगरात विहीर, विहिरीशेजारी डोण आणि तिथून माड-पोफळीकडे जाणारे पाट ही मांडणी जुनीच आहे. पण हिवतापाचा ॲनाफिलीस डासही अशाच स्वच्छ, संथ पाण्यात वाढतो. गटारातला डास वेगळा, करवंटीतला डेंग्यूचा वेगळा. ही गल्लत झाली की लोक गटारावर औषध मारतात आणि विहीर तशीच राहते.

"अहो, तुमचे मासे पोट वर करून झोपलेत. येऊन बघा!" असा निरोप मला इथल्या एका काकूंनी धाडला होता. चूक माझीच. त्यांच्या विहिरीत मी हौसेने गप्पी सोडले. तेच पाणी घरात पितात आणि त्यात टीसीएल पावडर पडते, हे विचारायचे राहून गेले. क्लोरीनने मासेच मेले. "मग पावडर बंद करू काय?" काकूंनी विचारले. मी घाईने नको म्हटले. हिवताप टाळता टाळता कावीळ आणि हगवण घरात आणायची नाही.

मग वाटणी ठरली. पिण्याच्या विहिरीत पावडर चालू आणि वर डास शिरणार नाही अशी बारीक जाळी. कळशी सोडायची झडप ठेवा, पण तीही बंद झाली पाहिजे. गप्पी सोडायचे ते फक्त शिंपण्याच्या विहिरीत. हा मासा अंडी घालत नाही, थेट पिल्ले देतो, त्यामुळे लवकर वाढतो. तो कोठे मिळेल याची चौकशी जवळच्या आरोग्य केंद्रात करावी. वहाळात मात्र सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना तो डोईजड होतो.

विहिरीत अळी आहे का, हे ओळखणे सोपे आहे. बादलीभर पाणी काढून दोन मिनिटे हलवू नका. ॲनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठाला समांतर, आडवी पडते. इतर डासांच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लोंबतात.

अंड्याचा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून डोण आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, दिवसभर कोरडी ठेवायची. पाटाला सलग उतार द्या, गवत काढा. आळ्यात पाणी साचत असेल तर ठिबकचा विचार करा, पाणीही वाचेल.

१९५३ साली देशात हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघर डी.डी.टी. फवारली गेली. फवारलेली भिंत पुन्हा सारवली की औषध झाकले जाई. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. फवारणी आली तरी घरच्यांचा हात लागतोच, तो असा.

थंडी वाजून ताप आला तर आधी रक्त तपासा. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या गड्यालाही मच्छरदाणी द्या आणि त्याचे रक्त वेळेत तपासून घ्या. व्हायवॅक्स निघाला तर त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी ताप उलटतो. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या चौदा दिवसांच्या गोळ्या ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका.

काकूंच्या शिंपणाच्या विहिरीत आता गप्पी आहेत. पाट मात्र एका पोफळीपाशी अजून तुंबतो. पाऊस उघडला की तिथे खणायचे ठरले आहे.