पर्थहून : १४० लिटरची टाकी

माझ्या जुन्या डिझेल पिकअपची ७६ लिटरची टाकी काढून १४० लिटरची बसवून घेतली आणि तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. कागल, सांगली आणि डोंबिवलीहून जी उत्तरं आली, ती वाचून हे पत्र लिहायला बसले आहे. आत्येने विचारलं, "तिकडे पंपावर डिझेल मिळत नाही का गं?" चुलतभावाला प्रश्न पडला की ऑस्ट्रेलियात राहून २००९ सालची गाडी कशाला वापरायची, नवी का घेत नाहीस. आपल्याकडे पक्की समजूत आहे की परदेशात सगळं हाताशी असतं, जे जुनं झालं ते टाकून देतात, आणि अडचणी तेवढ्या आपल्या वाट्याला येतात. निदान डिझेल आणि जुन्या गाड्या या दोन बाबतींत ही समजूत साफ चुकीची आहे.

आधी अंतरांचं सांगते. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हे एकटं राज्य महाराष्ट्राच्या आठपट आहे आणि माणसं तीस लाखांच्या आसपास. त्यातली बहुतेक पर्थमध्ये आणि पर्थच्या अवतीभवती. शहरात पंपांची ददात नाही, पण शहर सोडलं की सगळं बदलतं. पर्थहून ६०० किलोमीटरवर कलगुर्ली, तिथून वर लेव्हर्टन, आणि लेव्हर्टनच्या पुढे उलुरूच्या दिशेने ग्रेट सेंट्रल रोड, बराचसा लाल मातीचा. या रस्त्यावरचं पहिलं रोडहाउस सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. पंप, खानावळ, पंक्चर काढायची सोय आणि झोपायला चार खोल्या, सगळं एकाच पत्र्याखाली. पुढची रोडहाउसं दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या टप्प्याने. कागलहून वाशीपर्यंत जेवढा रस्ता आहे, तेवढ्यात इथे एखादाच पंप लागतो.

कागदावर ७६ लिटर पुरतात. खडबडीत रस्त्यावर माझी हायलक्स लिटरला आठ देते, म्हणजे सहाशे किलोमीटर झाले. पण एखादं रोडहाउस बंद निघालं, तर हा सगळा हिशेब पाण्यात जातो. त्या रस्त्यावर एके ठिकाणी पंप लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात कुलूपबंद होता. आदिवासी वस्त्यांमध्ये पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाने अनेक तरुण मुलं गमावली गेली. म्हणून २००५ पासून तिथे नशा न चढणारं, ओपल नावाचं पेट्रोल आणलं गेलं. पिंजरेही त्याच काळजीतून आलेले. रोडहाउसच्या बाई किल्ली घेऊन येईपर्यंत आम्ही रांगेत उभे होतो. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांची गाडी जुनी लँड क्रुझर पिकअप, ७५ सिरीज म्हणतात ती. तिला कंपनीनेच ९० लिटरच्या दोन टाक्या दिलेल्या. एक भरून झाली, दुसरी सुरू झाली. मागे चार गाड्या खोळंबल्या होत्या, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. मी विचारलं, पुढे पंप आहे ना, मग दोन्ही काठोकाठ कशाला? ते म्हणाले, चालू पंप दिसला की भरायचं. पुढच्या ठिकाणी जनरेटर बिघडलेला असतो. नाहीतर पाऊस पडून रस्ता बंद होतो आणि टँकर अलीकडेच अडकून राहतो.

हे सगळं फोनवर ऐकल्याबरोबर ज्यांना पटलं, ते एकटे मामा. मामांनी पंचवीस वर्षं कागलहून वाशीच्या मार्केटला गूळ आणि भाजी नेली. म्हणाले, "अगं, म्हणजे निपाणीच की!" तेव्हा कर्नाटकात डिझेल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त होतं. कागलहून निपाणी वीसेक किलोमीटर, त्यामुळे सगळे पिकअपवाले तिकडून फुल करून यायचे. पण वाशीला जाऊन-येऊन साडेसातशे किलोमीटर होतात, गाडी लिटरला अकरा-बारा द्यायची आणि टाकी होती साठ लिटरच्या आतली. परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या पुढे काटा लाल रेघेत जायचा आणि महागाचं डिझेल घ्यावं लागायचं. मामांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून चाळीस लिटरची दुसरी टाकी करून घेतली.

ती टाकी मी लहानपणी पाहिली होती, पण तिच्यात काय कसब होतं ते आत्ता कळलं. डिझेल इंजिन जेवढं डिझेल ओढतं तेवढं जाळत नाही. उरलेलं रिटर्नच्या नळीने टाकीत परत येतं. दोन टाक्या असल्या आणि गाडी दुसरीवर चालवली, पण रिटर्न पहिलीतच जात राहिलं, तर पहिली भरून वाहू लागते. लँड क्रुझरमध्ये यासाठी डॅशबोर्डवर बटण असतं, त्याने ओढायची आणि परतीची वाट एकदम बदलते. उद्यमनगरातल्या कारागिराकडे तसला व्हॉल्व्ह नव्हता. त्याने पितळेचे दोन कॉक घेतले, एक ओढायच्या नळीला, एक रिटर्नला, आणि दोघांच्या मुठी एकाच सळईला वेल्ड केल्या. सळई ओढली की दोन्ही कॉक एकत्र फिरणार. एक फिरवला आणि दुसरा विसरला, असं होणारच नाही. टाकीच्या आत डिझेल हिंदकळू नये म्हणून त्याने पत्र्याचे आडपडदे घातले होते. सगळे जोड साबणाचं पाणी लावून, आत हवा भरून तपासले होते.

पर्थच्या गॅरेजमध्ये माझी टाकी बसवताना मी दिवसभर तिथे उभी होते, आणि बघते तर काम तेच. दोन मिलिमीटर जाडीचा, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा, आत तसेच आडपडदे. मूळ टाकी चेसिसच्या कडेला होती, ती उतरवून त्याच जागेत, आजूबाजूची रिकामी पोकळी वापरत नवी चढवली. मला सगळ्यात आवडलं ते हे : मेकॅनिकने सळईला पांढरं फडकं गुंडाळलं आणि टाकीच्या तोंडातून आतला कोपरा न् कोपरा पुसला. फडकं बाहेर काढून उजेडात धरलं, उलटून पाहिलं आणि पुन्हा पुसलं. पत्रा कापताना उडालेला एखादा कीस आत राहिला, तर या इंजिनात तो थेट इंजेक्टरच्या जिवावर उठतो. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर असतो. फिल्टर असतोच, पण त्याच्या भरवशावर कचरा आत सोडायचा नाही, असं त्याचं म्हणणं. पाणी वेगळं करणारा एक जादा फिल्टरही त्याने बसवला. मोठी टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी केली, तर आत दव धरतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर जंतूंचा शेवाळासारखा थर वाढतो. गाडी उभी करायची असेल तर टाकी भरलेली ठेवायची, हे त्याने मला बजावून सांगितलं.

मग त्याने कागद पुढे ओढला. डिझेल लिटरला साधारण ८४० ग्रॅम, म्हणजे वाढीव ६४ लिटरचे चोपन्न किलो, शिवाय नव्या टाकीचा पत्रा जड. मागचा हौदा, हत्यारांची पेटी, पाण्याचे कॅन, माणसं, सगळ्यांची वजनं त्याने लिहून घेतली आणि गाडीला परवानगी असलेल्या एकूण वजनात हे बसतं का ते पाहिलं. बसलं, म्हणून पाटे बदलावे लागले नाहीत. बसलं नसतं तर जाड पाटे आणि त्यावर इंजिनियरची सही लागली असती. गाडीत काय बदलता येतं, कसं आणि कुणाच्या सहीने, याचं इथे देशभरासाठी नियमपुस्तक आहे. व्हीएसबी १४ या नावाने ते कुणालाही वाचायला मिळतं. टाकीसोबत ती ऑस्ट्रेलियाच्या वाहन-मानकांत बसते असा कागद आला. त्याची प्रत मी विमा कंपनीला पाठवली, त्यांनी नोंद केली, संपलं.

मला हेवा वाटतो तो या कागदाचा. टाकीचा नाही. कारण मामांच्या टाकीचं काय व्हायचं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी दुसरी टाकी उतरवायची, नळ्यांना बुचं मारायची, सळई काढून घरात ठेवायची आणि पासिंग झालं की सगळं परत चढवायचं. वर्षातून एकदा उत्तम बसवलेले जोड खोलून पुन्हा आवळायचे. ते जोड गळायला लागले, तर दोष कुणाचा?

आपल्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. हेतू चांगला आहे. बसचं छप्पर वाढवून, चेसिस लांबवून माणसं मेलेली आपण वाचतो. पण टाकीचं काय, हे मामांना कुणी नीट सांगू शकलं नाही. तपासणाऱ्याच्या मनात आलं तर चालेल, नाही आलं तर नाही. या भीतीने मामा टाकी लपवायचे, आणि लपवलेली टाकी कुणीच तपासत नाही. मग हा नियम सुरक्षिततेसाठी आहे असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

सीएनजीचं उदाहरण आपल्याच घरात आहे. मान्यताप्राप्त किट, अधिकृत बसवणारा, आरसी बुकात नोंद, सिलिंडरची ठरावीक काळाने चाचणी. लाखो गाड्यांनी हे केलं. दोनशे बार दाबाचा गॅस डिकीत ठेवायला आपण रीतसर वाट करून दिली आणि चाळीस लिटर साध्या डिझेलला नाही. मला याचं कारण कुणी समजावून सांगावं.

चुलतभावाचा प्रश्न राहिला. साडेतीन लाख किलोमीटर झालेली २००९ ची पिकअप इथे म्हातारी समजत नाहीत. तिचे सुटे भाग बनतात, तिच्यासाठी नव्या टाक्या बनतात, कारण ती आणखी पंधरा वर्षं धावणार हे गृहीत आहे. खेड्यापाड्यातल्या लोकांना जुनं इंजिन मुद्दाम हवं असतं, वाटेत बंद पडलं तर कुणीही उघडून बघू शकतं म्हणून. गाडी किती वर्षांची झाली यापेक्षा ती कशा अवस्थेत आहे, हे बघतात. आपल्याकडे दिल्लीत दहा वर्षांची डिझेल गाडी रस्त्यावर आणायची की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली आहे. दिल्लीची हवा वाईट आहे हे खरंच. पण नीट राखलेली गाडी आणि काळा धूर ओकणारी गाडी एकाच तारखेला भंगारात काढणं, हा गाडी राखणाऱ्यावर अन्याय आहे.

इथलं सगळं गोमटं आहे असंही नाही. याच राज्यात हॉल्स क्रीक ते विलुना कॅनिंग स्टॉक रूट आहे, सुमारे १८५० किलोमीटरचा. जनावरं हाकत न्यायला १९०८ ते १९१० मध्ये त्यावर ओळीने विहिरी खोदल्या. त्याआधी १९०६-०७ मध्ये पाहणी करताना आल्फ्रेड कॅनिंगने वाळवंटातल्या आदिवासींना साखळ्यांनी बांधून त्यांच्याकडून पाण्याच्या जागा काढून घेतल्या. १९०८ मध्ये त्याची चौकशी बसली, आणि तो निर्दोष ठरला. आज त्या वाटेवर विलुनाहून निघालं की पहिलं डिझेल तेहतिसाव्या विहिरीजवळच्या कुनावरिट्जी वस्तीत मिळतं, हजारेक किलोमीटरवर. वाळूच्या टेकड्यांवर माझी गाडी लिटरला पाच देते. दोनशे लिटर झाले. १४० ची टाकी आणि वीस-वीस लिटरचे तीन कॅन. म्हणजे आत्येला सांगायचं तर, एवढी मोठी टाकीही पुरत नाही.

मामांच्या सांगण्यावरून मी नव्या टाकीच्या आतल्या पडद्यांचे आणि पट्ट्यांचे फोटो उद्यमनगरला पाठवले. तो कारागीर गेला, आता त्याचा मुलगा काम बघतो. त्याचं उत्तर दोन तासांत आलं : कोपऱ्यांना वेल्ड मारण्याऐवजी पत्रा वाकवून काढतो, जोड कमी होतील. टाकीवरची छोटी प्लेट त्याने फोटो मोठा करून पाहिली होती. अशी प्लेट मी पण ठोकतो ताई, म्हणाला, फक्त तिच्यावर मान्यतेचा नंबर कुणाकडून आणायचा तेवढं सांगा.

गाड्या आणि त्यांचे भाग तपासून मान्यता देणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. सीएनजीची किट ती तपासते. उद्यमनगरातून पुणे अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. परिवहन खात्याने टाकीसाठी मानक ठरवावं, एआरएआयने ती तपासून नंबर द्यावा आणि आरसी बुकात एक ओळ वाढवावी. त्या मुलाची टाकी पहिल्या फेरीत पास होईल.