तेजस्विनी सावंत : नेम न ढळलेली कारकीर्द

जन्म : १२ सप्टेंबर १९८०, कोल्हापूर

२००६ : मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत १० मीटर एअर रायफलमध्ये दोन सुवर्णपदके; एक वैयक्तिक, दुसरे अवनीत कौर सिद्धूसोबत दुहेरीत.

२०१० : जर्मनीतील म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथे झोपून नेमबाजी) ६०० पैकी ५९७ गुण. तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी आणि नेमबाजीत जगज्जेती ठरलेली पहिली भारतीय महिला हा मान.

२०११ : अर्जुन पुरस्कार

२०१८ : गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) सुवर्ण, प्रोनमध्ये रौप्य.

२०१९ : दोहा येथील आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेतून ऑलिंपिकचा कोटा.

२०२१ : जगज्जेतेपदानंतर ११ वर्षांनी, चाळिशी गाठल्यावर टोकियोत पहिले ऑलिंपिक.

किती बारीक नेम? बायथलॉनमध्ये स्कीइंग करून धापा टाकत आलेली खेळाडूही .२२ रायफलने ५० मीटरवरच नेम धरते. तिथे झोपून टिपायचे लक्ष्य ४५ मिलिमीटरचे असते. तेजस्विनीच्या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे!