पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं

मार्च १९७६. आणीबाणी लागून आठ-नऊ महिने झाले होते आणि समाजवादी खासदार मधु लिमये मध्य प्रदेशात तुरुंगात होते. पाचव्या लोकसभेची पाच वर्षं भरत आली, तेव्हा निवडणूक न घेता सरकारने तिची मुदत एका वर्षाने वाढवली. बिहारमधल्या बांकाच्या मतदारांनी १९७३च्या पोटनिवडणुकीत लिमयांना निवडलं होतं ते त्या पाच वर्षांतल्या उरलेल्या काळासाठी. त्यापुढचा एक दिवसही आपला नाही, असं म्हणून त्यांनी कोठडीतूनच राजीनामा पाठवला. दिल्लीतलं सरकारी घर लगेच सोडा, असं पत्नी चंपाताईंना कळवलं. तुरुंगातलेच दुसरे खासदार शरद यादव यांनीही राजीनामा दिला. मुदतवाढीचा निषेध अनेकांनी केला होता, पण खासदारकी सोडली नव्हती.

ही धाटणी जुनी होती. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजासमाजवादी पक्षाचं सरकार असताना पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. आपल्याच सरकारने राजीनामा द्यावा, अशी मागणी पक्षाचेच नेते राममनोहर लोहियांनी केली. पक्ष त्यांच्यामागे उभा राहिला नाही, लिमये राहिले. पुढच्याच वर्षी ते गोवा सत्याग्रहात गेले, पोर्तुगीजांनी बारा वर्षांची शिक्षा ठोठावली आणि सुमारे एकोणीस महिने त्यांनी तिथल्या तुरुंगात काढले. पुण्यात जन्मलेला हा माणूस मुंगेर आणि बांकातून निवडून यायचा. तिथे ना त्याची भाषा होती, ना जात.

१९७९ची गोष्ट मात्र मला अजून छळते. आणीबाणीनंतर सत्तेवर आलेल्या जनता पक्षात राहून रा. स्व. संघाचंही सदस्य राहता येणार नाही, हा लिमयांचा आग्रह. त्या दुहेरी निष्ठेच्या वादात पक्ष फुटला, जुलैत पंतप्रधान मोरारजी देसाईंचं सरकार कोसळलं आणि जानेवारी १९८०मध्ये इंदिरा गांधी परतल्या. सरकार पाडल्याचा ठपका लिमयांवर कायमचा बसला. मला त्यांचा प्रश्न प्रामाणिक वाटतो, पण तो लावून धरताना चरणसिंगांच्या गटाची जी सोबत त्यांनी पत्करली, त्यात खुर्चीची ओढ असलेले पुष्कळ होते. हे त्यांना दिसायला हवं होतं.

१९८०मध्ये ते हरले. १९८२ नंतर सक्रिय राजकारण सोडून लिहीत राहिले. स्वातंत्र्यसैनिकांचं पेन्शन घेतलं नाही, माजी खासदाराचंही नाही. ८ जानेवारी १९९५ला ते गेले.