मागोमाग उडणारा कॅमेरा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे लष्कराच्या चिलखती दलाने १९९४ साली उभारलेले रणगाड्यांचे एक संग्रहालय आहे. तेथील जुने रणगाडे पाहताना मुलांची नजर प्रथम तोफेकडे जाते. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट तोफेच्या बरीच खाली असते. रणगाड्याच्या चाकांभोवती लोखंडी कड्यांचा एक रुंद पट्टा फिरत असतो. एवढे अवजड धूड चिखलात रुतून बसत नाही, ते या पट्ट्यामुळे. पावसाळ्यात शेतातील चिखलात पाय घोट्यापर्यंत रुततो. पण त्याच चिखलावर एखादी फळी टाकून तिच्यावर उभे राहिले, तर ती सहसा रुतत नाही. भार तोच, पण तो पुष्कळ जागेवर वाटला जातो. रणगाडा आपली फळी जणू बरोबरच घेऊन फिरतो.

नगर जिल्ह्यात बर्फ पडत नाही. परंतु जेथे तो पुरुषभर साचतो, तेथेही हीच युक्ती उपयोगी पडली आहे. बर्फावर धावणाऱ्या एक-दोन माणसांच्या हलक्या गाडीला स्नोमोबाइल किंवा बर्फगाडी म्हणतात. तिच्या मागच्या भागाखाली रबरी पट्टा फिरतो आणि पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या असतात. स्वार त्या वळवून गाडीला दिशा देतो. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांना अशा वाहनांचा ध्यास लहानपणापासून होता. १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बुजले असताना त्यांच्या आजारी मुलाला वेळेवर रुग्णालयात नेता आले नाही, आणि ते मूल दगावले. पुढे त्यांनी बर्फावर चालणाऱ्या अनेक गाड्या बनविल्या, आणि १९५९ साली ‘स्की-डू’ ही हलकी बर्फगाडी विक्रीस आणली. आपल्या देशात सियाचीनच्या हिमनदीवरील जवान अशा गाड्या वापरतात, आणि काश्मिरातील गुलमर्ग येथे हौशी प्रवासीही त्यांवर बसतात.

आता अशा स्वाराचे चलच्चित्र घ्यावयाचे आहे, असे समजू. एका जागी कॅमेरा रोवून उभे राहावे, तर गाडी क्षणात समोरून निघून जाते. दुसऱ्या गाडीवर बसून पाठलाग करावा, तर पुढच्या पट्ट्याने उधळलेला बर्फाचा भुगा भिंगावर येऊन बसतो. शिवाय पाठलाग करणाऱ्या गाडीचे चाकोरे त्या स्वच्छ बर्फावर उमटतात, ते वेगळेच. हेलिकॉप्टर आणावे, तर त्याचा खर्च कोणी सोसावा? या अडचणीतून वाट काढली ती ड्रोनने. ड्रोन म्हणजे बहुधा चार पंख्यांचे, वैमानिकावाचून उडणारे लहान यंत्र. मागचे पंखे अधिक वेगाने फिरले की ते पुढे झुकते व पुढे जाते. उजवीकडचे अधिक वेगाने फिरले की डावीकडे सरकते. पूर्वी ते चालविण्यासाठी जमिनीवर एक कुशल माणूस लागत असे. पुढे कारागिरांच्या मनात आले, की जसे वासरू दावे नसतानाही गाईच्या मागे चालते, तसे हे यंत्र स्वाराच्या मागे आपोआप का जाऊ नये?

पहिला उपाय सोपा होता. स्वाराने मनगटावर किंवा खिशात एक लहानसे उपकरण ठेवावयाचे. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून ते उपकरण आपली जागा ठरवी आणि ती ड्रोनला सतत कळवीत राही. अशा यंत्रांची २०१४ साली बरीच चर्चा झाली. त्यांपैकी एक लाटव्हिया या छोट्या देशातील होते, तर दुसरे फ्रान्समधील. परंतु उपग्रहांच्या आधारे काढलेली जागा काही मीटर इकडेतिकडे असू शकते. एवढ्या चुकीने माणूस रस्ता चुकत नाही, पण चित्राच्या चौकटीबाहेर मात्र जातो. शिवाय असे यंत्र आंधळेच होते. स्वार कोठे आहे हे त्याला ठाऊक असे. वाटेत झाड आहे हे ठाऊक नसे.

म्हणून दुसरा उपाय निघाला : यंत्राला पाहावयास शिकविणे. २०१६ साली बाजारात आलेल्या ‘फँटम ४’ या ड्रोनमध्ये ही सोय होती. चित्रातील स्वाराभोवती बोटाने एक चौकोन काढला, की यंत्रातील संगणक त्या आकृतीचा रंग व आकार ध्यानात ठेवतो. चौकोन चित्रात उजवीकडे सरकला, की ड्रोन उजवीकडे वळतो. आकृती लहान दिसू लागली, तर स्वार दूर चालला असे समजून वेग वाढवितो. स्वार क्षणभर झाडाआड गेला तर? उंच उडालेला चेंडू झेलणारा मुलगा चेंडू आता जेथे आहे तेथे धावत नाही. तो जेथे पडणार, तेथे धावतो. चांगला ड्रोनही तसेच करतो. स्वाराचा मागील वेग व दिशा यांवरून तो झाडापलीकडे कोठे निघेल याचा अंदाज बांधतो, आणि तेथे त्याची वाट पाहतो. हा अंदाज बहुधा खरा ठरतो. मात्र स्वाराने झाडाआड अचानक वळण घेतले, तर यंत्र फसते.

समोरचा अडथळा किती दूर आहे, हे ओळखण्यासाठी एका डोळ्याने भागत नाही. एक लहानसा प्रयोग करून पाहावा. एक डोळा मिटून, हात लांब करून, सुईत दोरा ओवावा. जे दोन डोळ्यांनी सहज साधते, ते एका डोळ्याने साधत नाही. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगळ्या बाजूंनी पाहतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. ड्रोनवरही या कामासाठी कॅमेऱ्यांच्या जोड्या बसवितात. फँटम ४ ला असे अडथळे पाहणारे डोळे समोर व खाली होते, पाठीमागे नव्हते. तेव्हा स्वाराचा चेहरा टिपण्यासाठी ते यंत्र त्याच्या पुढे राहून उलटे उडू लागले, की त्याची गत पाठमोऱ्या चालणाऱ्या माणसासारखी होई. २०१८ साली अमेरिकेतील एका कंपनीने तर तेरा कॅमेऱ्यांचा ड्रोन काढला. तो चहूकडे पाही.

एवढे डोळे असूनही काही गोष्टी त्याला दिसत नाहीत, आणि या विषयातील खरी गोम येथे आहे. पर्णहीन झाडाची बारीक डहाळी आणि दोन खांबांमधील विजेची तार, या त्याच्या नजरेतून सहज निसटतात. बर्फावर आणखी एक पंचाईत होते. पोटाखालचा कॅमेरा जमिनीवरील खुणा पाहून आपण किती सरकलो हे ओळखतो. पण कोऱ्या पांढऱ्या बर्फावर खूणच नसते. कोऱ्या कागदाकडे पाहून तो सरकला की नाही हे कोण सांगणार? वेगाचीही मर्यादा आहे. भरधाव बर्फगाडी ताशी शंभर किलोमीटरच्याही पुढे जाते. फँटम ४ ताशी ७२ किलोमीटर वेगाने उडू शके, परंतु त्या वेळी अडथळे पाहणारे डोळे बंद ठेवावे लागत. पुढे दिसलेल्या झाडापूर्वी थांबण्यास जेवढा अवधी हवा, तेवढा त्या वेगात उरतच नाही.

थंडीचा त्रास निराळाच. बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि एरवी अर्धा तास उडणारे यंत्र लवकर खाली उतरवावे लागते. म्हणून बर्फाळ प्रदेशातील चित्रणकार बॅटऱ्या अंगावरच्या कपड्यांत उबेला ठेवतात. अशा अनेक ड्रोनांसाठी उणे १० ते ४० अंश सेल्सियस ही मर्यादा सांगितलेली असते. मौज अशी, की नगरच्या मुलांना यातील खालच्या आकड्याची चिंता नको, परंतु वैशाखातील दुपारी वरचा आकडा मात्र ध्यानात ठेवावा लागेल.

ड्रोन कोसळला तर काय होते, हे २२ डिसेंबर २०१५ रोजी साऱ्या जगाने पाहिले. इटलीतील मादोन्ना दी कांपिल्यो येथे बर्फावरील घसरण्याची शर्यत चालू होती. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतारावरून वेगाने येत असताना चित्रणाचा एक जड ड्रोन त्याच्या पाठीमागे अगदी जवळ आदळून फुटला. हिर्शरला इजा झाली नाही. त्याने शर्यत पुरी करून दुसरा क्रमांकही मिळविला. हा ड्रोन आपोआप मागे येणारा नव्हता. तो माणूसच चालवीत होता. तरीही त्यानंतर शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या स्पर्धांत अशा ड्रोनांना बंदी घातली. ज्याचे चित्र घ्यावयाचे, त्याच्याच डोक्यावर हे ओझे तरंगत असते, हे तोवर फारसे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

वैमानिकावाचून उडणारी यंत्रे नगरला अगदीच परकी नाहीत. ‘निशांत’ या भारतीय वैमानिकरहित विमानाचे देशी इंजिन घडविण्यात बंगळूरच्या संस्थांबरोबर नगर येथील वाहन संशोधन व विकास संस्थेचा वाटा होता. २००९ साली त्या इंजिनावर निशांतने कर्नाटकात कोलार येथे उड्डाण केले. परंतु ज्या नगरने हे इंजिन घडविण्यास हात लावला, त्याच नगरच्या आकाशात वाटेल तेथे ड्रोन उडविता येत नाही. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे पट्टे पाडले आहेत. हिरव्या पट्ट्यात सुमारे १२० मीटर उंचीपर्यंत मोकळीक आहे. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून उडता येत नाही. लष्करी ठिकाणांच्या जवळपास तर विशेष जपावे लागते. अकोले तालुक्यातील कळसूबाई व हरिश्चंद्रगड यांच्या परिसरात अभयारण्य असल्याने तेथे वनखात्याची परवानगी लागते.

समजा, ही परवानगी मिळाली आणि एक स्वार दुचाकी घेऊन सह्याद्रीच्या चढाला लागला. ड्रोन त्याच्या मागे, वीस मीटर उंचीवर. येथे एक नवीच फसगत होऊ शकते. पुष्कळ यंत्रे आपली उंची जेथून उड्डाण केले त्या जागेपासून मोजतात. स्वार चढत जातो, वाट वर येत जाते, आणि ड्रोन मात्र मूळच्याच उंचीवर उडत राहतो. डोंगरच हळूहळू त्याच्या भेटीला येतो. म्हणून जाणते चित्रणकार गाडी सुरू करण्यापूर्वी ती सारी वाट एकदा पायी चालून पाहतात. चढ किती आहे, फांद्या कोठे खाली आल्या आहेत, विजेची तार कोणत्या खांबापासून कोणत्या खांबाकडे गेली आहे, हे सारे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवतात, आणि मगच ड्रोन जमिनीवरून उचलतात.